घसा बसल्याचं पत्र

४ डिसेंबर १९८८, रविवार. जळगाव

व्यासपीठावर उभं राहून पोट भरणाऱ्या माझ्या बंधूंनो, आपल्याला लोक नारळावर बोळवतात. मांडववाल्याला पैसे मिळतात, सतरंजीवाल्याला मिळतात, चहावाल्याला तर आधीच मिळतात. वक्त्याला मिळते शाल. दोन तास घसा फोडायचा आणि शेवटच्या बसला लोंबकळत घरी यायचं, काखेत नारळ. हमालानं पोतं उचललं तर त्याची मजुरी 'समाजकार्य' म्हणून कोणी बुडवत नाही. आपली बुडवतात, आणि वर हार घालतात.

(पुढच्या रविवारच्या बैठकीसाठी. सुरुवात बरी. हमाल ठेवणे. 'घसा फोडायचा' याऐवजी काही बघणे.)

जिल्ह्यात भाषणांवर जगणारे आम्ही आठ जण. आठांना एकत्र आणायचं, एक छापील संमतिपत्र करायचं आणि त्यावर आयोजकाची सही असल्याशिवाय कोणी गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. मसुदा केला. सहा कलमं. ऐन वेळी कार्यक्रम रद्द केला तर निम्मं मानधन. विषय परस्पर बदलायचा नाही. पाहुण्याच्या नावाखाली वेळ कापायची नाही. वगैरे.

सिंधूला वाचून दाखवलं. ती वह्या तपासत होती. म्हणाली, "शाली एकोणीस झाल्या आहेत. आधी दुकान टाकू या, मग चळवळ."

नोकरी सोडून सहा वर्षं झाली. शाळेत पगाराच्या कागदावर सही एका आकड्यावर, हातात दुसराच आकडा. त्यावर भर सभेत बोललो आणि बाहेर पडलो. तेव्हापासून घर सिंधूच्या नगरपालिका शाळेवर चालतं. ती ते बोलून दाखवत नाही. वह्या तपासते.

७ डिसें., बुध.

असोद्याचे गोपाळनाना आले. साठीचा माणूस, केळीची शेती, पायात जाड वहाणा. दहा वर्षं गावात हुंड्याविरुद्ध एकटे ओरडतात. लोक त्यांना घाबरत नाहीत आणि हसतही नाहीत, म्हणजे मान आहे. गेल्या वर्षी त्यांच्या मारुतीच्या पारावर बोललो होतो, विषय 'मुलीचा बाप'. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या भाषणांपैकी एक. यंदा २४ तारखेला या म्हणाले.

नवं संमतिपत्र पुढे केलं. पहिलं गिऱ्हाईक. नानांनी चष्मा लावून सगळं वाचलं. बोट एकेका ओळीखालून.

"यात आमी नाई बोलावलं तं काय, थे लिहेल हाये. तुमी नाई आले तं काय, थे नाई लिहेल."

मी म्हटलं, "नाना, मी न येण्याचा प्रश्न कुठं येतो?"

"थे बी खरं." सही केली. मग म्हणाले, "आमच्या गावात तसंबी कागदाले कोनी पुसत नाई. माईकवर बोललं म्हंजे झालं. मांगच्या साली दोघा भावायचा बांध माईकवर मिटला. कोर्टात अकरा वर्स पडेल व्हता."

मीही सही केली. एक प्रत त्यांना, एक मला. जाताना दारात थांबले. "यंदा एक घरचंबी काम हाये. मंग सांगतो."

११ डिसें., रवि.

बैठक. सात जण आले, मी आठवा. भाषण रंगलं. हमाल फार आवडला. एकानं टोमणा मारला, "सर, हे म्हणजे किराणा दुकानातली पाटी झाली. उधारी बंद आहे." हसले सगळे, पण संमतिपत्र एकमतानं मान्य. निघताना प्रत्येकानं दहा-दहा प्रती नेल्या.

नानांचा तो प्रश्न मी बैठकीत मांडला नाही. विसरलो नव्हतो.

१३ डिसें., मंगळ.

दुपारी दारात जीप. धुळ्याहून, देवपुरातल्या एका मोठ्या शिक्षणसंस्थेचे सचिव. सफारी, हातात कातडी पिशवी. संस्थेला पंचवीस वर्षं झाली, तीन दिवसांची व्याख्यानमाला, २३, २४, २५. तिन्ही दिवस मीच. ठरलेला वक्ता आजारी पडला म्हणे.

मानधन असोद्याच्या तिप्पट. त्यानं मी हललो नाही. खरंच नाही.

मग म्हणाले, "तिन्ही व्याख्यानं संस्था पुस्तकरूपानं काढणार. कापडी बांधणी. अध्यक्षांची तशी इच्छा आहे."

बावीस वर्षं बोलतोय. लिहिणाऱ्याचं निदान रद्दीच्या दुकानात तरी सापडतं. बोलणाऱ्याचं मांडव सुटला की संपलं. कपाटात एवढी पुस्तकं, सगळी दुसऱ्यांची. आपल्या नावाचं एक असावं, पाठीवर सोनेरी अक्षरं, हे मी कोणाला कधी बोललो नाही. या माणसाला कसं कळलं?

या संस्थेबद्दल माझं मत जगजाहीर आहे. देणगी घेतल्याशिवाय ती शिपाईसुद्धा नेमत नाही. मीच पाच गावांत बोललोय तसं. सचिवांना सांगितलं. ते हसले. "म्हणूनच तर तुम्ही हवेत, सर. अध्यक्ष म्हणतात, टीकाकाराला व्यासपीठ दिलं पाहिजे."

उद्या कळवतो म्हटलं. जीप गल्लीतून निघाली तेव्हा सगळी दारं उघडी होती.

१४ डिसें., बुध.

चोवीस. चोवीसच का.

सिंधूला विचारलं. म्हणाली, "नानांना जाऊन सांगा. संधी आली आहे, दुसरी तारीख द्या. ते काय खातील का तुम्हाला?"

बरोबर आहे. स. ११ ला असोद्याची बस. अर्धा तास लागतो.

गेलो नाही. काय सांगणार? तुमच्या पारापेक्षा त्यांचा हॉल मोठा आहे? ज्याला पाच गावांत शिव्या दिल्या त्यानं बोलावलं म्हणून तुम्हाला नाही म्हणतो? हे नानांच्या तोंडाकडं बघून सांगायला जे लागतं ते माझ्याजवळ नाही. पाच हजार माणसांसमोर मी बेधडक बोलतो. एका माणसासमोर...

धुळ्याला होकाराची तार केली.

१५ डिसें., गुरु.

पत्र लिहिलं. तीन ओळी. 'घसा पूर्ण बसला आहे. डॉक्टरांनी पंधरा दिवस मौन सांगितले आहे. अत्यंत खेद होतो.' असोद्याच्या बसच्या कंडक्टरजवळ दिलं.

घसा बसल्याचं पत्र कंडक्टरला देताना मोठ्यानं ओरडून सांगितलं, "गोपाळनानांनाच द्या हो, दुसऱ्या कोणाला नको!" बस सुरू झाली होती.

१७ डिसें., शनि.

हे लिहून ठेवतो. लिहिलं नाही तर उद्या मी ह्याचाही विनोद करीन.

दु. ३ वा. दारात नाना. खांद्यावर पिशवी. मी सिंधूशी मोठ्या आवाजात बोलत होतो. आवाज बाहेर गेला की नाही, माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"बोलू नका! बोलू नका!" दारातूनच. "डाक्टरनं नाई सांगेल हाये ना? मंग बसा चूप. बावीस वर्स तुमी बोलले, आज मी बोलतो."

पिशवीतून ज्येष्ठमध, मधाची बाटली, घरची हळद. आणि भरताची वांगी, चांगली चार किलो. "वांगे घशासाठी नाई. वैनीसाठी."

सिंधू उठली. शाळेच्या पिशवीतून पाटी-पेन्सिल काढून माझ्या मांडीवर ठेवली. चहा टाकायला गेली.

मग नानांनी ते घरचं काम सांगितलं. धाकटी पुष्पा, डी.एड. झालेली. नशिराबादच्या वामनभाऊंच्या मुलाशी जमलंय, मुलगा सरकारी नोकरीत. हुंडा न घेता. वामनभाऊ कबूल झाले, पण अट घातली. चोवीस तारखेला सभेत, माईकवर जाहीर करीन, आणि नारळ सरांच्या हातून घेईन.

"त्याले बी मोठेपना पाह्यजे ना. फुकट हुंडा सोडाचा म्हंजे काय? निदान टाया तं पडल्या पाह्यजे." हसले. "पडू दे. मले काय. एकदा माईकवर बोलला का मांगं नाई सरकू शकत. अन् त्याच्या मांगं अजून चार घरं उभे राह्यतीन."

पाटीवर लिहिलं : 'कार्यक्रम पुढे ढकला.'

"आता कसा ढकलू? मांडव ठरला. वामनभाऊले निरोप गेला. थो आज हो म्हनतो, पंधरा दिवसात काय म्हनीन कोनाले माहीत." मग पुढे सरकून बसले. "सर, तुमी निस्ते या. खुर्चीवर बसा. बोलू नका. नारळ द्याले काय घसा लागते?"

पेन्सिल हातात. पाटीवर जागा होती.

लिहिलं : 'ताप पण आहे.'

नानांनी वाचलं. उठले आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. खरखरीत, गार हात. बराच वेळ ठेवला.

"नाई वाटत," म्हणाले. "आतला असंन."

चहा न घेता गेले. बसची वेळ झाली होती. सिंधू आतून कप घेऊन आली तेव्हा मी आणि पाटी.

१८ डिसें., रवि.

सिंधूनं भरीत केलं. मी जेवलो. चांगलं झालं होतं.

२० डिसें., मंगळ.

तयारी. विषय 'शिक्षण कोणासाठी?' तिन्ही दिवसांचे मुद्दे काढले. देणग्यांवरचा परिच्छेद दुसऱ्या दिवशी. तो बोललो की माझं जाणं योग्य ठरेल. शत्रूच्या घरात जाऊन शत्रूला सुनावणं. सिंधूला म्हटलं तसं. तिनं विचारलं, "आणि मानधन शत्रूकडूनच ना?"

नानांना खरं लिहावं का? अजून चार दिवस आहेत.

नाही लिहिलं.

२३ डिसें., शुक्र. देवपूर, धुळे. (सकाळी लिहिलंय २४ ला.)

संस्थेच्या अतिथीगृहात उतरलो. खिडकीतून पांझरा दिसते, पाणी कमी, कपडे वाळत घातलेले. संध्याकाळी न्यायला ड्रायव्हर आला. "सर, चाला. बठ्ठा हॉल भरेल शे. बाहेर बी लोकं उभा शेतस."

उत्तम बोललो. खोटं कशाला लिहू? पहिल्या दहा मिनिटांत सभा हातात आली. मुलं खिडक्यांत बसलेली. टाळ्या नाही, शांतता. वक्त्याला शांतताच कळते. अध्यक्षांनी उठून हात जोडले. वार्ताहर दोन, फोटो काढणारा एक.

झोप छान लागली.

२५ डिसें., रवि. परत घरी.

कालचं. देणग्यांचा परिच्छेद होता. तिथपर्यंत आलो. समोर पहिल्या रांगेत अध्यक्ष, त्यांच्या मागे संस्थेचे शिक्षक, रांगा भरून. त्यातले निम्मे देणगी देऊन लागलेले. त्यांच्या चेहऱ्यांवर मला स्पष्ट दिसत होतं की त्यांना माहीत आहे आता काय येणार. ते वाट बघत होते. भीतीनं नव्हे, आशेनं.

मी घोटभर पाणी प्यालो आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो.

कोणाला कळलं नाही, असं म्हणता आलं असतं. पण एक शिक्षक कार्यक्रमानंतर जवळ आले, पन्नाशीचे, आणि फक्त म्हणाले, "सर, पाणी गार होतं का?" निघून गेले.

सात वाजता घड्याळ पाहिलं होतं. असोद्याची सभाही सातलाच होती.

आज तिसरं व्याख्यान. कोणी आमदार आले म्हणून माझी वेळ पंचवीस मिनिटांवर. संमतिपत्रातलं पाचवं कलम. मी सचिवांकडून संमतिपत्र भरूनच घेतलं नव्हतं. जीप, हॉल, कापडी बांधणी. कागद पुढे करायला लाज वाटली. केळीवाल्यापुढं नव्हती वाटली.

पुस्तकाचं विचारलं. "मार्चनंतर बघू. कागदाचे भाव बघताय ना?"

शाल दिली. विसावी.

२६ डिसें., सोम.

सिंधूनं २४ चा पेपर जपून ठेवलाय. पान तीन. माझा फोटो, हात वर, तोंड पूर्ण उघडं. खाली, 'देवपुरात घणाघाती व्याख्यान'.

हा पेपर असोद्याला सकाळी आठला जातो.

२७ डिसें., मंगळ.

रशीदभाई आले. नशिराबादला मांडव-स्पीकरचं दुकान, जिल्ह्यातल्या निम्म्या सभांना माईक त्यांचा. प्रत्येक भाषणाची टेप करून ठेवतात, छंदच आहे. वायर घ्यायला जळगावला आले होते. आत या म्हटलं, आले नाहीत. पायरीवर बसले.

"सर, खोटं नाही बोलणार. कॅसेट मीच लावली."

"कसली कॅसेट?"

मग सांगितलं, ते असं.

शनिवारी पार भरला. बायाही आल्या, मागच्या अंगाला. वामनभाऊ नशिराबादहून फेटा बांधून. खुर्चीवर, माझ्या खुर्चीच्या शेजारी. माझी रिकामी. नाना उठून म्हणाले, "सरचा घसा बसला. पन सरचा आवाज आपल्याजोळ हाये." रशीदभाईंना खूण केली. गेल्या वर्षीची टेप त्यांच्या पेटीत होती.

"तासभर लोक बसले सर. कोणी उठलं नाही. मधी बाजू पलटायची होती, दोन मिनिटं गेली, तरी नाही उठले. टेपमध्ये टाळ्या वाजल्या की समोरचेपण वाजवायचे. बाया रडत होत्या. मला बी भरून आलं. म्हणून मी बंद करायचं विसरलो."

"म्हणजे?"

"भाषण संपल्यावर नानांनी तुमचे आभार मानले होते ना गेल्या साली, आणि तुम्ही पुन्हा माईक घेतला होता. ते पण टेपमध्ये आहे."

मला आठवेना. त्यांनी शब्दन् शब्द म्हणून दाखवला. माझ्याच चालीत, हात वर करून.

'असोदेकरांनो, पुढच्या वर्षी मी याच पारावर उभा असेन. तुमच्या गावचा रिवाज मला ठाऊक आहे. माईकवर सांगतोय.'

"तेवढं वाजलं आणि मागून कोणीतरी हसलं. वामनभाऊ उठले. मला वाटलं, जाहीर करतात आता. माईक हातात घेतला आणि कोटाच्या खिशातून पेपर काढला."

वामनभाऊ माईकवर म्हणाले, "घसा बसेल मानसाचा फोटो पाहा. तोंड केवढं हाये." पेपर चारही बाजूंना फिरवला. "ज्याच्या शब्दावर मी हुंडा सोडाले निंघालो, त्यानं सोताचा शब्द धुळ्याले जास्त भाव आला म्हनून तिकडं नेला. मंग मीच का येडा? देन्याघेन्याच्या बैठकीत पाहू काय पाहाचं थे."

"मग?"

"मग काय. नाना म्हणाले, रशीद, मशीन बंद कर."

रशीदभाई उठले. वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकलं. "एक बोलू सर? भाषण मात्र एक नंबर होतं."

तेच उरलंय माझं. कापडी बांधणी नाही. नशिराबादच्या एका पत्र्याच्या पेटीत. आणि त्याच्या शेवटी माझं खोटं, माझ्याच आवाजात.

२८ डिसें., बुध.

सिंधूचं म्हणणं, वामनभाऊंना निमित्तच हवं होतं. तुम्ही गेला असता तरी महिन्याभरात दुसरं शोधलं असतं.

असेल. पण माईकवर बोलले असते ना आधी. मग मागं सरकायला निमित्त पुरलं नसतं, असोद्यात तोंड दाखवता आलं नसतं. निमित्त मी दिलं, छापून, फोटोसकट.

आणि चीड कशाची येते? त्याचं वाक्य बिनतोड होतं याची. त्यानं जे केलं तेच मी केलं. होकार दिला, जास्त चांगलं आलं, होकार मोडला. माझ्याजवळ पंधरा पुस्तकांतली कारणं होती, त्याच्याजवळ एक पेपर.

२९ डिसें., गुरु.

दु. ४ वा. पुष्पा आली. नानांची पुष्पा. मी तिला गेल्या वर्षी पाहिलं असेल, लक्षात नव्हतं. सुती साडी, पायात नानांसारख्याच वहाणा. सिंधू शाळेतून आलेली होती, तिनं ओळखलं. सिंधूच्या शाळेत ती दोन महिने बदली शिक्षिका होती, हे मला आज कळलं.

पिशवीतून संमतिपत्राची प्रत काढून टेबलावर ठेवली. "नाना म्हणे, परत देऊन ये."

मी म्हटलं, "पुष्पा, माझं चुकलं."

"हो." बसली. पाणी प्यायली. मग सांगितलं. वामनभाऊंचा निरोप आलाय. मोटारसायकल, सोनं, आणि लग्न त्यांच्या दारात. मंगळवारी, ३ तारखेला बैठक. नाना हो म्हणणार आहेत.

"नाना?"

"हो. म्हणतात, दहा वर्स बोललो, आता देतो. बोलणाऱ्याचं सगळंच खोटं असतं, देणाऱ्याचं खरं." तिचा आवाज चढला नाही. "सर, मले त्या घरात जायचंच नाही आता. मी बैठकीत नाही म्हणणार आहे, सगळ्यांसमोर. पण मी नाही म्हटल्यावर घरात माझ्या बाजूनं कोण? एकच माणूस होता आजवर. आता तोही हुंडा द्यायला बसलाय."

"मी वामनभाऊंशी बोलू?"

"नका. तुमचं ऐकून हसतील."

"मग मी काय करू?"

"रविवारी गावात पारावर माणसं असतात. बाजारातून आलेली. तुम्ही या आणि माईकवर सांगा, घसा बसलेला नव्हता. तापही नव्हता. जास्त चांगलं मिळालं म्हणून धुळ्याला गेलो. एवढंच. भाषण नको." आणि पुन्हा, "भाषण अजिबात नको, सर."

"त्यानं काय होईल?"

"वामनभाऊ नाही बदलणार. पण एखादा बोलणारा खरं पण बोलतो, हे नानांना बैठकीच्या आधी दिसायला पाहिजे. मग मंगळवारी ते काय करतील ते करोत."

मी काही बोललो नाही. पाटी नव्हती, घसा बसलेला नव्हता, तरी.

सिंधू तिला स्टँडपर्यंत सोडायला गेली. दोघी बराच वेळ आल्या नाहीत. म्हणजे सिंधू आली नाही.

३० डिसें., शुक्र.

सचिवांचं पत्र, रजिस्टर्ड. 'रविवार दि. १ रोजी सकाळी ११ वा. मा. अध्यक्षांचा सत्कार. आपण दोन शब्द बोलावेत. आपल्या पुस्तकाचा करार त्याच वेळी पूर्ण करण्याचा मानस आहे. जीप स. ८।। वा. पाठवत आहोत.'

मार्चनंतर बघू म्हणणारे. आता मानस आहे.

मी हो म्हटलेलं नाही. पण नाही म्हणायलाही वेळ ठेवलेला नाही त्यांनी. पत्राचं उत्तर पोचेपर्यंत जीप दारात उभी.

सकाळपासून मनात हिशेब. दोन शब्द. अध्यक्षांवर काय दोन शब्द बोलणार? मग लक्षात आलं की मी त्यातलं पहिलं वाक्य तयार केलंय. आंघोळ करताना. चांगलं वाक्य आहे.

असोद्याला जायचं तर वाक्य तयार करायचं नाहीच. पुष्पानं दिलंय. तीन वाक्यं. ती आरशासमोर म्हणून पाहिली. 'घसा बसलेला नव्हता.' पुढं लगेच 'परंतु बंधूंनो' असं तोंडातून आलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा 'परंतु'. बावीस वर्षांची सवय. कबुलीसुद्धा प्रस्तावना होते.

सिंधूला विचारलं, "तू काय म्हणतेस?"

"मी चौदा तारखेलाच म्हटलं होतं. तुम्ही ऐकत होता कुठं?" थोड्या वेळानं, "साडेआठला जीप येणार. तुम्ही जीपमध्ये बसाल. मला माहीत आहे तुम्ही कसे बसता ते. आधी नाही म्हणत बसाल."

यावर वाद घालावा असं वाटलं. मुद्दे नव्हते.

३१ डिसें., शनि., दुपार.

माझा माझ्यावर भरवसा नाही, हे मान्य केल्यावर डोकं जरा हलकं झालं. एवढ्या वर्षांत श्रोत्यांना सांगत आलो, माणूस विचारानं बदलतो. मी विचार चिक्कार केला. बदललो नाही. विचार केला तेव्हा तेव्हा धुळ्याकडं गेलो. मला धरणारी माणसं पाहिजेत.

सात चिठ्ठ्या लिहिल्या, बैठकीच्या सात जणांना. मजकूर एकच. सिंधू वाचून म्हणाली, "यात एक शब्दही अलंकार नाही, तुम्हीच लिहिलंय ना?" आणि साडी बदलायला गेली. ती स्वतः वाटणार आहे, सायकलरिक्षानं. चिठ्ठीची नक्कल :

'बंधूंनो, आपण संमतिपत्र केलं त्यात वक्ता आला नाही तर काय, हे कलम मी मुद्दाम ठेवलं नाही. असोद्याच्या गोपाळनानांनी ते मला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं, मी तुमच्यापासून लपवलं. त्यांना दिलेली २४ तारीख मी जास्त चांगलं बोलावणं आलं म्हणून मोडली, आणि घसा बसला असं खोटं लिहून मोडली. त्यापायी एका घरात जे मोडलं ते समोर आल्यावर सांगीन. उद्या मला तिथं जाऊन माईकवर एवढंच कबूल करायचं आहे. उद्याच साडेआठला मला धुळ्याला नेणारी जीप दारात येणार आहे, आणि मी कोणत्या गाडीत चढेन हे मला आत्ता सांगता येत नाही. म्हणून उद्या सकाळी आठ वाजता माझ्या घरी या, मी काय वाटेल ते बोललो तरी ऐकू नका, आणि मला हाताला धरून असोद्याच्या बसमध्ये बसवा.'